चार खोल्या, सारखं भाडं आणि माझी मोठी खिडकी

मोठ्या शहरात चार बेडरूमचा फ्लॅट चौघांनी मिळून भाड्याने घ्यायचं ठरलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "भाड्याचे सरळ चार भाग करू." सगळे माना डोलावतात. आम्हीही डोलावल्या. मित्रामित्रांत कसला आलाय हिशेब! मग खोल्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि मोठी खोली मला लागली. आतच बाथरूम, दोन भिंतींना खिडक्या, टेबल-खुर्ची टाकूनही येरझाऱ्या घालता येतील एवढी जागा. चौथ्या मित्राला जी खोली लागली तिची एकुलती एक खिडकी डक्टमध्ये उघडायची आणि पलंगाच्या उशाला लिफ्टची भिंत होती. रात्री कुणी उशिरा घरी आलं की त्याला कळायचंच.

भाडं दोघांचंही सारखं.

वर्षभर मी या सारखेपणाचा खंदा पुरस्कर्ता होतो, हे आधीच कबूल करतो. विषय निघाला की "अरे, नशिबाचा भाग आहे" म्हणायचो. आता वाटतं, खोल्या सारख्या नसताना भाडं सारखं ठेवणं म्हणजे ज्याची चिठ्ठी वाईट निघाली त्याच्याकडून दर महिन्याला दंड वसूल करणं. मोठा फ्लॅट बघताना आपण बेडरूम किती ते मोजतो आणि पुढे जातो. पण चार बेडरूम म्हणजे चार सारख्या वस्तू नव्हेत. एकीत सकाळचा उजेड येतो, दुसरी दुपारनंतर भट्टीसारखी तापते. एकीचं दार बैठकीत उघडतं, त्यामुळे बाहेर गप्पा रंगल्या की आतला माणूस जागा. तीन जणांत एक बाथरूम असेल तर सकाळी आठची वेळ कुणाला मिळते, हाही भाड्याचाच भाग धरायला हवा.

मग मोजायचं कसं? सगळ्यात सोपा उपाय टेपचा. समजा, भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ १२० चौरस मीटर आहे आणि त्यातल्या ६० मध्ये चार खोल्या आहेत: २२, १६, १३ आणि ९. उरलेले ६० म्हणजे स्वयंपाकघर, बैठक, बोळ वगैरे, सगळ्यांचं. एकूण भाडं १०० भाग धरलं तर निम्मे ५० सामाईक जागेचे, ते चौघांत सारखे, म्हणजे प्रत्येकी साडेबारा. बाकीचे ५० खोलीच्या आकाराप्रमाणे. हिशेब येतो साधारण ३०.८, २५.८, २३.३ आणि २०. म्हणजे सरसकट २५ घेतले की लहान खोलीवाला दरमहा पाच भाग जास्त भरतो आणि मोठ्या खोलीवाला जवळजवळ सहा भाग वाचवतो. हा वाचवणारा मी होतो. (आतली बाथरूमही त्या खोलीतच मोजायची, ती सामाईक जागेत ढकलायची नाही. मोठी खोली मिळालेले लोक ही चलाखी हमखास करतात.)

पण टेपला लिफ्टचा आवाज मोजता येत नाही. आणि माणसं वेगवेगळी असतात. रात्रपाळी करणाऱ्याला अंधारी खोली वरदान वाटेल, घरून काम करणाऱ्याला तीच कोंडवाडा वाटेल.

इथे गणितवाल्यांनी एक सुंदर काम करून ठेवलंय. १९२८ साली एमान्युएल श्पेर्नर यांनी त्रिकोणांचे तुकडे पाडून त्यांच्या कोपऱ्यांना खुणा देण्याबद्दल एक प्रमेय सिद्ध केलं. भाड्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. १९९९ मध्ये फ्रान्सिस सू यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीत त्याच्याच आधारे दाखवलं की भाड्याची एक तरी विभागणी अशी असतेच, जिथे प्रत्येकाला वेगळी खोली हवी असते आणि कुणालाच दुसऱ्याच्या खोलीचा हेवा वाटत नाही. मुख्य अटी अगदी साध्या: कुठल्याही विभागणीत प्रत्येकाला निदान एक खोली पटली पाहिजे, आणि फुकट खोली मिळत असेल तर भाड्याच्या खोलीपेक्षा माणसाने तीच घ्यायला हवी. दुसरी अट आमच्यातल्या कुणीही डोळे मिटून पाळली असती.

घरी करायला त्याची सोपी बहीण बरी. प्रत्येकाने कागदावर लिहायचं की आपल्या लेखी कुठल्या खोलीची किंमत किती, फक्त बेरीज १०० आली पाहिजे. दोघांचं उदाहरण घेऊ. मी लिहिलं मोठी ६०, लहान ४०. तुम्ही लिहिलंत मोठी ७०, लहान ३०. मोठी तुम्हाला, कारण तिला तुम्ही जास्त लिहिलंत, पण दोघांच्या आकड्यांच्या मधोमध, म्हणजे ६५ ला. लहान मला ३५ ला. दोघांनाही आपली खोली स्वतःच्या अंदाजापेक्षा पाच भागांनी स्वस्त पडली, आणि या दरात अदलाबदल करायला दोघंही तयार होणार नाहीत.

आम्हाला हे शहाणपण आपखुशीने आलेलं नाही. वर्ष संपलं, लिफ्टशेजारचा मित्र दुसरीकडे राहायला गेला. करार चौघांच्या नावे होता आणि त्यात जबाबदारी संयुक्तही होती, वैयक्तिकही. म्हणजे मालकाला पूर्ण भाडं हवं, ते कुणी किती दिलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. करारातलं हे कलम सह्या करताना आमच्यापैकी एकानेही वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा. आणि कोण किती अनामत देतोय, मधेच सोडणाऱ्याला ती कुणी परत करायची, हेही तेव्हाच लिहून ठेवा.

खोली बघायला लोक येत होते. खिडकी उघडून डक्टमध्ये डोकावायचे आणि विचारायचे, "हिचं भाडं किती?" आम्ही म्हणायचो, "सगळ्यांना सारखंच." आम्हाला वाटायचं, आपण फार उदार बोलतोय. ते "कळवतो" म्हणायचे. दोन महिने आम्ही तिघांनी पंचवीसऐवजी तेहेतीस-तेहेतीस भाग भरले, म्हणजे एक तृतीयांश जास्त. तेव्हा कुठे कागद-पेन निघालं.

नवा चौथा सापडल्यावर चौघांचे कागद उघडले. आकडे ठरले ३१, २७, २५ आणि १७. मोठी खोली मीच ठेवली, पण ३१ ला. आणि खरं सांगतो, त्या खोलीत पहिल्यांदाच पाय पसरून झोपलो. नव्या माणसाला लिफ्टचं काही वाटत नाही, त्याची पाळीच रात्रीची.

मागच्या आठवड्यात जुन्या मित्राचा फोन आला. गप्पांच्या ओघात नवे आकडे सांगून गेलो. "सतरा?" म्हणाला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग, "माझ्या वेळी का नाही सुचलं रे हे?"

मी म्हणालो, "कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

माझ्या आलं होतं. पहिल्याच महिन्यात. ही पोस्ट तो वाचेलच.