पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत

रविवार, सकाळचे साडेसात, नागपूरच्या गोकुळपेठेत लक्ष्मीभुवन चौकाजवळचा आमचा कट्टा. तर्रीपोह्याच्या प्लेटी हातात आल्या आणि प्रणयची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप येऊन लागली. चालानाची बातमी रात्रीच ग्रुपवर फिरली होती, त्यामुळे काय झालं हे कोणी विचारलं नाही.

"कशाकशाचं लावलं?" मेघाने थेट विचारलं.

"समोरचा लोखंडी बुलबार आणि सायलेन्सर. लाइटबार त्यांना दिसलाच नाही." प्रणयच्या डोळ्यांवर त्या वेळीही गॉगल होता. उतरल्याबरोबर त्याने खिशातून पिवळा कपडा काढला, आरशावरचा एक ठिपका पुसला आणि मगच पोह्यांकडे वळला. "यांना काय समजते बे यातलं? ऑस्ट्रेलियात लोकं काय काय करून राहिले, पाहा ना जरा. माझं तर ठरलं. गाडी उचलायला चार इंच लिफ्ट, तेहतीस इंची टायर, इंजिनची हवा छतावरून घेणारं स्नॉर्कल, कॉम्प्युटरवरून ताकद वाढवणारा रिमॅप. पैसे काढून ठेवले."

गजाननभाऊ बाकाच्या टोकाला बसले होते. तीस वर्षं गाड्यांखाली झोपलेला माणूस, रविवारी मात्र पांढराशुभ्र शर्ट.

"ऑस्ट्रेलियात रान आहे बाप्पा," ते म्हणाले. "तुही गाडी धरमपेठेतून निघते अन् फुटाळ्यावर थांबते. तेहतीसचे टायर काहाले पाह्यजे तुले?"

"रोड प्रेझेन्स, भाऊ."

"मंग घोडी घे ना. बँडवाला मी सांगतो."

काकांना ठसका लागला. प्रणय हसला नाही. त्याने मोबाइल काढून कोणत्या तरी वाळवंटात उडणारी टोयोटाची हायलक्स पिकअप दाखवायला घेतली.

मी पोह्याच्या कागदावर हिशेब मांडला. त्याच्या गाडीला कंपनीचे टायर २४५/७० आर १६, म्हणजे उंची साडेएकोणतीस इंच. तिथे तेहतीस बसवले की स्पीडोमीटरचा काटा १०० वर असताना गाडी खरी ११२ ने पळणार. चाक जड, म्हणून पिकअप कमी. पिकअप कमी म्हणून रिमॅप. रिमॅपने वाढलेला टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, क्लच प्लेटवर. आणि ब्रेक जे होते तेच.

"म्हणून तर रिमॅप म्हणतो!" प्रणयला आधारच मिळाला. "३२० न्यूटन मीटरचे सरळ ४०० होतात, लॅपटॉप लावला की अर्ध्या तासात."

"लॅपटॉपनं इंजिनात लोखंड भरत नाही," गजाननभाऊ म्हणाले. "टर्बो जास्त फुगवन, डिझेल जास्त टाकन, झालं. डिसेंबरात मजा येईन तुले. मे महिन्यात आपल्याकडं पंचेचाळीस डिग्री. हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवरच गरम हवा आदळते, ते थंड काय करन? आतली उष्णता टर्बोले खाते, पिस्टनले खाते. अन् काळा धूर मागच्या स्कूटीवाल्या पोरीच्या तोंडावर."

हे ऐकून मेघाला बळ आलं. ती विमा कंपनीत क्लेमच्या फायली पाहते. "मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच एकदा. आरसीत जी माहिती आहे ती कंपनीने दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात १८२-अ आलं. एकेका बदलामागे ५००० रुपये दंड, नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि बुलबारवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवलंय. समोर लोखंड लावलं की धडकेचा जोर वेगळ्याच रस्त्याने चासीत जातो, एअरबॅगचा सेन्सर चुकतो. चालणाऱ्या माणसाला लागलं तर तो गेलाच."

"पण रस्त्यांचा मंत्रीच आपल्या गावचा आहे ना?" काका म्हणाले.

"म्हणूनच जास्त सांभाळून राहा," मेघा म्हणाली. "आणि बदल कळवला नसेल तर क्लेम अडकतो. मी रोज पाहते."

प्रणयने इथे हुकमाचं पान टाकलं. "तेवीस सप्टेंबर विसरली वाटते."

सगळे गप्प झाले. २०२३ ची ती पहाट या कट्ट्यावर कोणी विसरलेलं नाही. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरांत शिरली, डागा लेआउटमध्ये मेघाची आई पहिल्या मजल्याच्या जिन्यावर बसून होती. कार जात नव्हत्या. प्रणय व्ही-क्रॉस घेऊन पाण्यात गेला आणि मावशींना मागच्या हौद्यात बसवून बाहेर आणलं. वरून फाळक्याजवळ कोणाचं तरी कुत्रंही आणलं.

"नाही विसरली," मेघा हळू आवाजात म्हणाली. "आई अजून तुझं नाव काढते."

"मग? स्नॉर्कल नको म्हणता?"

याचं उत्तर गजाननभाऊंनी फार शांतपणे दिलं. मला त्या सकाळचं तेवढंच बोलणं शब्दाशब्दाने आठवतं.

"स्नॉर्कल चांगलीच वस्तू आहे. इंजिननं पाणी ओढलं तर पाणी काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकते, खेळ खतम. पण तुह्या गाडीले त्या दिवशी काय झालं होतं, आठवते? इंजिनाले काहीच नाही. मागचा एक्सल गेल्ता. गरम एक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते अन् ब्रीदरमधून, म्हंजे हवेच्या बारीक भोकातून, पाणी आत ओढते. दिवाळीत तू म्हणे, मागून कुईकुई आवाज येते. मी ऑइल काढलं तं लस्सी निघाली. अन् तू गावभर सांगत सुटला का गजाननभाऊनं डुप्लिकेट ऑइल टाकलं."

प्रणयने पहिल्यांदाच गॉगल काढला. "ते मी... तेव्हा माहीत नव्हतं ना भाऊ."

"दीड वर्ष झालं, मी काही बोललो का? हातभर रबरी नळी लागते, ब्रीदर वर नेऊन बांधाचा. बस. ते पहिलं काम. पन त्याचा फोटो चांगला येत नाही."

आता मी बोललो, कारण मला राहवेना. आमची बोलेरो पिकअप होती, काटोलची, संत्र्याची. मृग बहाराच्या वर्षी भाव बरा होता, फेऱ्या वाचवायच्या म्हणून आम्ही एका गॅरेजमध्ये मागे दोन-दोन जादा पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, टाकून घेतले. गाडी बसेना, म्हणून आम्ही क्रेट वाढवत गेलो. रिकामी असली की मागून गाढवासारखी उडायची, तरी आम्हाला अभिमान. कळमन्याच्या मार्केटला जाताना उतारावर समोर बैलगाडी आली. भावाने ब्रेक दाबला. गाडी थांबलीच नाही, पंधरा-वीस फूट जास्त गेली आणि नालीत उलटली. भावाच्या खांद्याचं हाड मोडलं. नंतर गाडी उचलली तेव्हा पाट्याच्या हँगरपाशी चासीला बोटभर लांब तडा दिसला. तो काही त्या दिवशीचा नव्हता, आतून गंजलेला होता.

"पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत," गजाननभाऊ म्हणाले. "आरसीतलं वजनही वाढत नाही."

माझा राग याच गोष्टीवर आहे. गाडी बदलू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. पिकअप ही कामाची वस्तू आहे, कामाप्रमाणे ती घडवावीच लागते. पण आमच्याकडे सुरुवात वरून होते: लाइट, बार, स्टिकर, आवाज. खाली झोपून बुश, ब्रेक, पाटे कोणी पाहत नाही.

"मग तुम्ही काय कराल?" प्रणयने खरंच विचारलं.

गजाननभाऊंनी बोटं मोजली नाहीत, हात धुतला आणि बोलत गेले. उंची दीड-दोन इंचांच्या वर नको. त्याच्या वर गेलं की पुढच्या वरच्या आर्म बदलाव्या लागतात, नाही तर कॅम्बर-कॅस्टर, म्हणजे चाकाचे कोन, जागेवर येत नाही अन् टायर एका बाजूनं खाल्ले जातात. मागच्या चाकाकडं ताकद नेणाऱ्या कार्डन शाफ्टचा कोन बिघडला का त्याचा सांधा, क्रॉस, वाजतो. पाटे अन् शॉकअप एकमेकांले जुळणारे पाह्यजे, फक्त पाट्याची कडी, शॅकल, लांब करून गाडी उचलणं म्हणजे हिलच्या चपला. ब्रेकच्या नळ्या ताणतात का, ते चाक लोंबकळवून पाहाचं. हेडलाइट परत खाली लावाचा, समोरच्याचेही डोळे असतात. टायर एक साइज मोठे, ऑल-टेरेन. इंजिनाले हात नाही.

"आणि रंग? मॅट ब्लॅक करायचा होता."

"रंग आरसीत असतो," मेघा म्हणाली.

"अन् मे महिन्यात हातही लावता येणार नाही तिले," काका म्हणाले. मग ते त्यांच्या लॅम्ब्रेटावर घसरले, जिला त्यांनी म्हणे जीपचा हॉर्न लावला होता आणि हॉर्न वाजवला की लाइट जायचा. ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली आहे. तरी ऐकली.

तेवढ्यात गजाननभाऊ उठले आणि त्या पांढऱ्या शर्टासकट व्ही-क्रॉसखाली शिरले. "टॉर्च मार रे." प्रणय गुडघ्यावर बसला, मोबाइलचा उजेड धरून. खालून स्क्रू ड्रायव्हरची टकटक आली. मागच्या पाट्याचं रबरी बुश भाकरीसारखं चिरलं होतं, एका बाजूचा यू-बोल्ट हाताने हलत होता. प्रणयने तिथे बोट लावलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.

गजाननभाऊ बाहेर आले. पाठीवर धुळीचा अख्खा नकाशा. "उद्या गाडी सोड. बुश, यू-बोल्ट, ब्रीदरची नळी. बुलबार काढून मह्याकडं ठेव, पोराच्या गोठ्याले फाटक होईन."

"आणि लिफ्ट?"

"लिफ्ट शंकरनगरच्या मेट्रो स्टेशनात आहे. चालू आहे, फुकट आहे."

काकांच्या हातातून चहा सांडला, तो नेमका मेघाच्या ओढणीवर. ती ओरडली, प्रणय पोट धरून गाडीच्या चाकाला टेकला आणि हसता हसता त्याच पिवळ्या कपड्याने गजाननभाऊंची पाठ झटकू लागला. पोह्यांचे पैसे त्यानेच दिले.