दुखत नसताना फायब्रोमायल्जिया?

‘सतत थकवा, झोप अपुरी, विसरभोळेपणा, म्हणजे फायब्रोमायल्जिया, दुखत नसलं तरी’ असा एक मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखण्याचा आजार. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या १९९० च्या निदानाच्या निकषांत १८ पैकी ११ ठिकाणी दाबल्यावर दुखणं लागायचं. ती बोटांनी चाचपण्याची पद्धत २०१० मध्ये गेली, थकवा-झोपेलाही गुण मिळू लागले. गोंधळ बहुधा इथूनच. पण वेदना वगळली नाही. २०१६ च्या सुधारणेनुसार शरीराच्या पाचपैकी किमान चार भागांत दुखायला हवं, लक्षणं किमान तीन महिने हवीत. नुसता थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासा. घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. मात्र या आजारासाठी प्रीगॅबालिन किंवा ड्युलॉक्सेटिन ही औषधं चालू असताना दुखणं थांबलं असेल, तर तो औषधाचा गुणही असू शकतो. निदानाबद्दल जरूर विचारा, गोळ्या परस्पर बंद करू नका.