शेगडी, पिशवी आणि अपमान: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नेपाळच्या छावण्यांतल्या भूतानी निर्वासितांना अमेरिकेला जाण्याआधी तिथल्या राहणीचे वर्ग दिले जायचे, त्यावरचा माझा लेख तुम्हाला खटकला. तुम्ही लिहिलंत, "आपल्या विदर्भात गोठणगावला तिबेटी निर्वासित आले, मुलचेऱ्याकडे बंगाली आले. त्यांचे कोणी वर्ग घेतले होते? शिकलेच ना जगायला. मोठ्या माणसांना शेगडी पेटवायला शिकवणं म्हणजे अपमान."

शिकले, खरं आहे. पण कसे? आमच्या गावात बंगाली कॅम्पातून मासळी विकायला एक काकू यायच्या. सुरुवातीला भाव बोटांवर दाखवायच्या, आणि हातात पडलेले पैसे बरोबर होते की कमी, ते त्यांना घरी गेल्यावर कळायचं. शेवटी माझ्या आईने ओसरीवर धानाचे दाणे मांडून त्यांना वीसपर्यंत मराठी आकडे शिकवले. वर्ग झालाच, फक्त उशिरा. तोवर किती पैसे बुडाले असतील, कोण जाणे.

दुसरं असं की गोठणगावचा तिबेटी कॅम्प 1972 चा, आणि तिथे अख्खी वस्तीच एकत्र वसली. मठ आपला, शेजारीण आपल्याच बोलीची. नेपाळमधल्या झापा-मोरंग जिल्ह्यांतल्या भूतानी छावण्यांतून 2008 पासून एक लाखावर लोक बाहेर देशी गेले, बहुतेक अमेरिकेत. तिथे एका कुटुंबाला भाड्याची खोली मिळायची, आणि भिंतीपलीकडे कोण राहतं तेही ठाऊक नसायचं. अडलं तर विचारायचं कोणाला?

आता शेगडी. ही माणसं सतरा-अठरा वर्षं बांबूच्या झोपड्यांत राहिलेली. 2008 च्या मार्चमध्ये त्यांतली गोलधाप ही छावणी जवळजवळ सगळी जळाली. आगीची धास्ती त्यांना कोणी शिकवायला नको. पण विजेच्या शेगडीला ज्वाळच दिसत नाही, ती बंद आहे की तापलेली हे नुसतं बघून कळत नाही. हे आधी सांगण्यात अपमान कुठे आहे? विमानाच्या तिकिटाचे पैसे कर्ज म्हणून फेडायचे असतात, हेही त्यांना सांगितलं जायचं. ते लपवलं असतं तर मी अपमान म्हटलं असतं. निघताना दिलेली कागदपत्रांची पांढरी-निळी पिशवी छातीशी धरून निघालेल्या म्हाताऱ्यांचे फोटो पाहा. ती हातातून सोडायची नाही, हे त्यांना नीट पटवून दिलेलं होतं.

एका बाबतीत मात्र तुमचा राग मला पटतो. चार-पाच दिवसांच्या वर्गाने आयुष्य मार्गी लागत नाही. अमेरिकेत पोचलेल्या भूतानी लोकांत आत्महत्येचं प्रमाण तिथल्या इतर लोकांपेक्षा जास्त असल्याचं सीडीसी या तिथल्या आरोग्य संस्थेच्या तपासणीत आढळलं. भाषा येत नाही, काम मिळत नाही, आपलं माणूस जवळ नाही, ही त्या लोकांची दुःखं होती. आपल्या विदर्भात हे वाचताना हात थरथरतो. तिथे पोचल्यावरही महिनोन्‌महिने कोणीतरी दारात यायला हवं, हे मी लेखात लिहायला हवं होतं. ते राहून गेलं. आज रात्री तेवढा भाग लेखात घालतो.