‘सहा महिन्यांत पाय हलले नाहीत तर आशा सोडा’ : एका संदेशाला उत्तर

मज्जारज्जूला गंभीर इजा झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांसाठी म्हणून एक संदेश इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे. रुग्णाला सहा महिने अजिबात हलवू नका, पायांना रोज शेक देऊन जोरात मालिश करा, एवढ्या अवधीत पाय हलले नाहीत तर आशा सोडा, आणि फिजिओथेरपीवर पैसे घालवण्याऐवजी स्टेम सेलची (मूळपेशींची) इंजेक्शने घ्या, असे त्यात म्हटले आहे. हा सल्ला पाळणाऱ्या घरातील रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

‘हलवू नका’ हे अपघाताच्या जागी खरे आहे. तिथे मान आणि पाठ सरळ रेषेत ठेवून चौघांनी एकदम उचलावे लागते. मात्र शस्त्रक्रियेने किंवा पट्ट्याने मणका स्थिर झाला आणि सर्जनने परवानगी दिली की काही दिवसांतच बसवणे आणि सांध्यांचे व्यायाम सुरू होतात. संवेदना गेलेल्या त्वचेला दाब कळत नाही. माकडहाड, खुबे आणि टाचा यांवर तासन्‌तास भार राहिला तर तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि हाडापर्यंत जाणारी जखम होते. म्हणूनच सुरुवातीच्या काळात रात्रीसुद्धा साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. मूत्राशयाचेही तसेच आहे. ते भरल्याचे रुग्णाला कळत नाही. म्हणून पुष्कळ रुग्णांना दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून ते रिकामे करायला शिकवतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण मज्जारज्जूच्या इजेने नव्हे, तर या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडविल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी कूस बदलणे, मूत्राशयाची काळजी, व्यायाम आणि काम यांची शिस्त लावली, तेव्हा हे चित्र पालटू लागले. संदेशातील सल्ला आपल्याला त्या आधीच्या काळात नेतो.

शेक देणे मायेपोटीच होते, पण बधिर पायाला चटका बसलेला कळत नाही आणि गरम पाण्याच्या पिशवीने खोल भाजते. पोटरीत रक्ताची गुठळी झाली असेल, तर जोरकस मालिशने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते; पाय एकाएकी सुजला तर त्याला हात न लावता डॉक्टरांकडे न्यावे. एक गोष्ट घरी फारशी कुणी सांगत नाही. मानेत मज्जारज्जूच्या सहाव्या पातळीवर इजा झालेल्या रुग्णाला मनगट वर उचलता येते आणि त्याबरोबर बोटे आपोआप मिटतात; याच पकडीवर तो पुढे पेला धरतो. मनगट मागे वाकवून बोटे ताणून सरळ करत राहिले तर ही पकड कायमची सैल पडते.

सहा महिन्यांची मर्यादा अर्धसत्य आहे. मज्जातंतूंची सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते, नंतर मंदावते; पण विशेषतः अपूर्ण इजेत, म्हणजे इजेच्या खालच्या भागात थोडी संवेदना किंवा हालचाल उरली असेल तर, ती वर्ष-दीड वर्ष, कधी त्यानंतरही होत राहते. शिवाय पाय हलणे हीच एकमेव कसोटी का मानावी? पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकणे, स्वतःची नळी स्वतः घालणे, पुन्हा कामावर जाणे, या सगळ्याला प्रगती म्हणायला हवे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळवले, ही गोष्ट प्रत्येक नातेवाइकाला ठाऊक असावी.

स्टेम सेलबद्दल तर नियमच स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे हा उपचार मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीबाहेर (क्लिनिकल ट्रायल) देता येत नाही, आणि मज्जारज्जूची इजा त्या ठरावीक आजारांत मोडत नाही. त्यासाठी जागा किंवा दागिने विकण्याची वेळ कुणावरही येऊ नये. तोच पैसा आधी नियमित फिजिओथेरपी, मापाची चाकाची खुर्ची, तिच्यावरची दाब विभागणारी गादी आणि घरातील बदल यांसाठी लावावा. इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घराचा सहा इंचांचा उंबरा ओलांडायला सहा फूट लांबीचा उतार लागतो, आणि तो रुग्ण घरी येण्यापूर्वीच बांधून घ्यावा.