पिळण्याची शेवटची नऊ मिनिटे

कपडे धुण्याचे यंत्र म्हातारे झाले, तरी ते धुण्यात कुचराई करीत नाही. पाणी घेणे, घुसळणे, खळबळणे हे सारे ते पूर्वीच्याच निष्ठेने करते. त्याचे वय दिसते ते पिळताना. आमचे वरून कपडे टाकायचे यंत्र मुलगी दहावीत असताना घेतलेले. ती आता नोकरीला लागली आणि नेमक्या आषाढाच्या तोंडावर यंत्राच्या अंगात येऊ लागले. ठाण्याच्या पावसात ज्याचे यंत्र नीट पिळत नाही, त्याच्या दिवाणखान्यात पंख्याखाली ओल्या जीन्स लोंबकळतात आणि आलेल्या पाहुण्याला त्यांच्यातून वाट काढत सोफ्यापर्यंत पोहोचावे लागते.

पडद्यावर शेवटची नऊ मिनिटे उरली की घरातले वातावरण पालटे. यंत्र वेग घेई, टब आतून पत्र्यावर धडका देई, मग यंत्र आपणहून थांबे, पुन्हा पाणी भरून कपडे विस्कटून पाही आणि पुन्हा नऊवर येऊन उभे राही. ही नऊ मिनिटे कधी कधी पाऊण तास चालत. तेवढा वेळ मी पाठ लावून यंत्र भिंतीशी रेटून धरी, पत्नी झाकण दाबून धरी, आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा फोन करून अत्यंत सौजन्याने विचारीत, "संपलं का हो? म्हणजे चहा कपात ओतून घेतो."

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत सल्ल्याची टंचाई कधीच नसते. प्रत्येकाचा सल्ला यंत्राच्या पायांपाशी जाऊन थांबे. कोणी रबरी बूट सुचवले, कोणी प्लायवूडचा तुकडा, कोणी वीट. एका शेजारीणबाईंनी तर स्वतःची योगासनांची जुनी चटई आणून दिली, जी त्यांना तशीही घराबाहेर काढायची असावी. या सल्ल्यांत तथ्य नव्हते असे नाही. गॅलरीच्या लादीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो आणि यंत्र तर समतलच हवे, म्हणून त्याचे पाय फिरवून उंची जुळवावी लागते. इमारतीत डागडुजीला आलेल्या गवंड्याची पाणसळ मागून मी तेही केले. नळीतला बुडबुडा अगदी मधोमध उभा राहिला आणि यंत्र मात्र पिळता पिळता स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाले.

सेवा केंद्रातून आलेल्या तरुणाने दोष कपड्यांना दिला. एकच जड वस्तू टाकली की ती भिजून एका बाजूला गोळा होते, असे तो म्हणाला, आणि ते खरेच आहे. मिनिटाला सातशे फेऱ्यांच्या वेगात, मध्यापासून वीतभर अंतरावर, एका बाजूला किलोभर ओझे जास्त झाले, तर ते सव्वाशे किलोच्या आसपास जोराने टबाला बाहेर ओढते. त्या दिवसापासून सोलापुरी चादर हाताने धुवायचे ठरले, आणि हात माझे ठरले. तरीही निव्वळ रुमाल आणि बनियनांवरसुद्धा यंत्र नाचलेच, तेव्हा त्याने नव्या यंत्रांचे रंगीत माहितीपत्रक पुढे केले. जुन्या वस्तूच्या दुरुस्तीला बोलावलेला माणूस पिशवीत माहितीपत्रके का बाळगतो, हा प्रश्न मी गिळला.

शेवटी स्टेशनजवळच्या गल्लीतला एक वयस्क मेकॅनिक आला. त्याने पायांखालचे सामान पाहिले, पण त्यावर काही बोलला नाही. झाकण उघडून त्याने टबाच्या काठावर दोन्ही हातांनी भार दिला आणि एकदम सोडला. टब वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला आणि बराच वेळ डुलत राहिला.

"काका, हा एकदा वर येऊन गप बसायला पाहिजे. पायाला काय नाय झालं, शॉकअप गेलेत."

प्लग काढून, मागचे स्क्रू सोडवून त्याने वरचा भाग पॅनेलसकट भिंतीला टेकवला. इतकी वर्षे मला टब खाली कशावर तरी बसवलेला असतो असेच वाटे. तो तर पाळण्यासारखा चार कोपऱ्यांतून चार दांड्यांवर टांगलेला होता. दांड्याचे वरचे टोक पत्र्याच्या कोपऱ्यातल्या खोबणीत अडकते, खालचे टबाच्या कानातून जाते आणि त्याखाली स्प्रिंग व प्लास्टिकची वाटी असते. स्प्रिंग हिसका झेलते आणि वाटी दांड्यावर घासत तो जिरवते. आमच्या एका वाटीला उभी चीर गेली होती, आणि दोन वाट्यांतले ग्रीस वाळून खपली धरून बसले होते. चौथा दांडा ठणठणीत होता, पण चारही एकदमच बदलायचे असतात, नाहीतर टब जुन्या बाजूला कलतो.

ड्रमच्या काठावरची जाड कडी कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा तिच्यात मिठाचे पाणी असते आणि वेग वाढला की ते ओझ्याच्या विरुद्ध बाजूला सरकून तोल सांभाळते, असे त्याने सांगितले. ती गळत नव्हती, एवढे नशीब. आई देवघराच्या दारातून हे ऐकत होती. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, मीठ-मोहरीनं दृष्ट काढा म्हणून," ती म्हणाली. शास्त्राने तिला निम्मा पाठिंबा दिलेला असल्यामुळे कोणालाच उत्तर देता आले नाही.

नवे दांडे बसल्यावर पत्नीने मुद्दाम सोलापुरी चादर आणि सोबत दोन जीन्स टाकल्या. नऊ मिनिटे नऊ मिनिटांत संपली. सवयीने मी पाठ लावून उभा होतो. मला आत जाऊन बसण्यास सांगण्यात आले.

रविवारी भंगारवाला आला. तीन जुने दांडे त्याने काट्यावर टाकले आणि मिळालेली नाणी पत्नीने हिशेबाच्या वहीत दुरुस्तीच्या खर्चातून रीतसर वजा केली. चौथा दांडा आईने दिला नाही. तो चांगला आहे, कधीतरी लागेल, असे म्हणून तिने तो माळ्यावर ठेवायला लावला.