सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पालकांच्या तक्रारीला उत्तर : नंबर आधी का देत नाही, तीनच शिक्षक का दाखवतो

ताई, नमस्कार.

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की नववीतल्या मुलासाठी गणिताचे सर शोधायला आमचं ॲप घेतलं, तर आधी ढीगभर प्रश्न विचारले आणि मग तीनच शिक्षक दाखवले. नंबर कुणाचाच दिला नाही, शिक्षकांना स्टार नाहीत, आणि शाळेतले नावाजलेले सर तर यादीतच नाहीत. 'कमिशन बुडू नये म्हणून नंबर लपवतात, त्यापेक्षा शेजारणीला विचारलेलं बरं,' असा तुमचा शेवट आहे. असेच प्रश्न इतर पालकांनाही पडत असणार, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधी नंबरचं. ट्रायलचा तास झाला आणि दोन्ही बाजूंची तयारी असली, की आम्ही स्वतःच दोघांना एकमेकांचे नंबर देतो. आमचा हिस्सा फक्त पहिल्या महिन्याच्या फीमधला, तोही शिक्षकाकडून. पुढे वर्षभर तास चालले तरी आम्हाला एक रुपया मिळत नाही. म्हणजे नंबर लपवून आमचं काहीच वाचत नाही. आमच्याकडे शिकवणाऱ्यांत बायका खूप आहेत. कुणी बी.एस्सी., बी.एड. करून घर सांभाळतंय, कुणी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास होऊन सरकारच्या पवित्र पोर्टलवरच्या शिक्षक भरतीची वाट बघतंय. त्यांचा नंबर कुणालाही दिसला, की रात्री अकराला 'मॅडम, झोपलात का' असे मेसेज सुरू होतात. पालकांचंही तेच. काही साइटवर नाव घातलं की आपला नंबर चार-पाच क्लासवाल्यांकडे जातो आणि आठवडाभर फोन थांबत नाहीत. हे दोन्ही आम्हाला नको होतं. म्हणून ट्रायलपर्यंतचं सगळं बोलणं ॲपमधूनच होतं.

आता तीनच शिक्षक का, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सोलापुरात मूल एका भाषेत शिकतं, दुसरीत खेळतं आणि तिसरीत आईशी बोलतं. पूर्व भागात घराघरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, कितीतरी घरांत उर्दू. शाळा मात्र सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. अशा मुलाला तीन एक्स वजा सात बरोबर अकरा हे समीकरण घाला. सात पलीकडे नेऊन चिन्ह बदलेल, उत्तर सहा बरोबर काढेल. पण चिन्ह का बदललं, असं विचारलं की गप्प. हे मी ट्रायलच्या तासांना बसून पाहिलं आहे. एका मॅडमनी असंच गप्प बसलेल्या मुलाला तेलुगूत विचारलं, दोन्ही बाजूंना सात मिळवले तर काय होईल? त्याने वहीत दोन्हीकडे अधिक सात लिहिलं, डावीकडचे सात खोडले आणि मान वर करून स्वतःच बोलायला लागला. पदवी तीच, पुस्तक तेच, पण ज्या भाषेत मूल विचार करतं ती भाषा येणारा माणूस समोर होता.

म्हणून आमचं ॲप आधी घरची भाषा बघतं, मग विषय आणि माध्यम, मग शिक्षक त्या वेळी तुमच्या चौकापर्यंत पोचू शकतो का ते. जुळे सोलापुरातल्या मॅडमना संध्याकाळी साडेसहाला पूर्व भागातल्या अशोक चौकाच्या पुढे बोलवलं, तर पहिल्या आठवड्यात त्या येतील आणि तिसऱ्या आठवड्यात दांड्या सुरू होतील. शंभर नावांची यादी दाखवणं आम्हाला सोपं आहे. ती चाळत बसायचा त्रास मात्र पालकांना होतो.

ढीगभर प्रश्नांतला 'तुमच्याकडे पाणी कधी येतं' हा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो. इथे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्या दिवशी घरात भरण्याची धावपळ, शिकवणीला बसणार कोण? 'दर मंगळवारी, गुरुवारी' असं बाहेरच्या ॲपसारखं वेळापत्रक आखलं, तर पाण्याचा दिवस फिरत फिरत त्या वारावर येतो आणि तास बुडतो. आमच्या वेळापत्रकात पाण्याचा दिवस आपोआप टळतो. बाकी मुलाची शाळा, फोटो, आधार यातलं काहीही आम्ही मागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती सांगितली आहे, म्हणून खातं तुमच्या नावावर आणि ओटीपी तुमच्या फोनवर.

शाळेतल्या सरांबद्दल थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ प्रमाणे शाळेत नोकरीला असलेल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. कितीही नावाजलेले असोत, त्यांना आम्ही घेणार नाही. निवृत्त झालेले आहेत, आणि फार चांगले आहेत.

स्टार आम्ही मुद्दाम ठेवले नाहीत. घरी जाऊन शिकवणाऱ्याकडे एका वेळी चार-सहा मुलं असतात. एकाने रागाने एक स्टार दिला की त्या माणसाची वर्षाची कमाई गेली, आणि नवीन शिक्षकाला तर कुणी हातच लावत नाही. त्याऐवजी प्रत्येक शिक्षकाच्या नावाखाली, तीन महिन्यांनंतरही त्याच्याकडे टिकलेली मुलं किती, हे लिहिलेलं असतं. पालक पैसे देऊन जिथे थांबतात, तिथे काहीतरी शिकवलं जात असतं.

शेजारणीला जरूर विचारा, तिचा अनुभव मोलाचाच. फक्त तिच्या मुलाची अडचण तुमच्या मुलाची असेलच असं नाही.

तुमच्या मुलाबद्दल इथे उघड्यावर काही लिहीत नाही. एवढंच सुचवतो : घरी त्याच्याशी तेलुगूत बोलत असाल, तर 'घरची भाषा' या रकान्यात तेलुगू निवडून पुन्हा शोधा. बरेच पालक तिथे सवयीने मराठी टाकतात आणि यादी वेगळीच येते. ट्रायलचा तास फुकट आहे. तीन नावांपैकी कुणीच पटलं नाही तर 'मदत' मध्ये दोन ओळी लिहा, मी स्वतः फोन करून दुसरी नावं सुचवीन.