हलक्या चाकांचा जड हिशोब

माझ्या सेकंडहँड माझदा एमएक्स-५ ला दोनच सीट आहेत, कापडी छप्पर बसल्या जागेवरून हाताने मागे टाकता येतं आणि डिकीत किराणा मावेल की नाही हे दुकानातच ठरवावं लागतं. मावला नाही तर बायको तो मांडीवर घेते. अशा गाडीतून आणखी काही कमी करावं असं न्यू जर्सीतल्या कुठल्या शहाण्या माणसाला वाटणार नाही. मला वाटलं. चाकं बदलायची ठरली.

चाक गोल असलं की झालं, असं लोकांना वाटतं. माझ्या गाडीला लागतं ते असं: १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार भोकं, मधोमध हबसाठी, म्हणजे चाक ज्या भागावर बसतं त्यासाठी, ५४.१ मिलिमीटरचं एक, आणि ऑफसेट अधिक ४५ च्या आसपास. ऑफसेट म्हणजे चाक हबला जिथे टेकतं ती जागा त्याच्या मध्यरेषेपासून किती सरकलेली आहे ते माप. आकडा घटवला की चाक बाहेर येतं आणि गाडी रुबाबदार दिसते. हौसेनं फार घटवला की टायर मडगार्डला घासतो. मधलं भोक मोठं असेल तर रिंग घालून जुळवायचं. हे सगळं मला तोंडपाठ झालं. स्वतःच्या चष्म्याचा नंबर अजून सांगता येत नाही.

मग आला साइझचा प्रश्न. माझ्या गाडीला मुळात १७ इंची चाकं. दिसायला १८ इंची भारी, यात वाद नाही. पण टायरचा बाहेरचा घेर तोच ठेवायचा म्हणजे रबराची भिंत बुटकी होते, आणि मार्च महिन्यातला टर्नपाइक हायवेवरचा खड्डा थेट मणक्यात उतरतो. शिवाय मोठं चाक सहसा जड, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं. ते फिरवायचं, थांबवायचं, वर खड्ड्यातून उचलायचं. म्हणून जाणकार मंडळी वर न चढता खाली उतरतात, १६ वर. आता मौज बघा. याच गाडीच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलला कंपनी १६ इंची चाकंच लावून देते. मी १७ वाल्या वरच्या मॉडेलसाठी जादा पैसे मोजले होते, आणि आता १६ वर यायला पुन्हा जादा पैसे मोजायला निघालो होतो.

तेही साधे नव्हेत. ओतीव चाक स्वस्त. घडवलेलं, म्हणजे फोर्ज्ड, महाग, कारण ते हलकं. जपानच्या रेज कंपनीचं टीई३७ हे चाक या पंथाचं दैवत. १५ इंचीचं वजन ३.७ किलो भरलं म्हणून नावातच ३७. माझ्या मापाचं एकेक सात-आठशे डॉलरला. सराफ असलेल्या ग्रॅमचे पैसे घेतो, ही मंडळी नसलेल्या ग्रॅमचे.

आमचे बाबा मिरजेला असतात. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगायला नको होतं, पण राहवलं नाही.

“जुनी तुटली काय?”

“नाही बाबा, चांगली आहेत. ही हलकी आहेत.”

“किती?”

“चाकामागे किलोभर.”

बाबांनी चष्मा काढला. “बरं. टायर किती किलोमीटर चालणार?”

हा खरा नाजूक मुद्दा. अमेरिकेत टायरवर झिजेचा आकडा छापलेला असतो. ५०० वाला टायर संसारी, बरीच वर्षं साथ देतो. २०० वाला रस्ता घट्ट धरतो, वळणावर सोडत नाही आणि लवकर संपतो. मी २०० वाला निवडला होता. त्यातून तो उन्हाळी. पारा ७ अंशांच्या खाली गेला की त्याचं रबर ताठ होतं आणि पकड जाते.

“म्हणजे थंडीत?”

“थंडीत गाडी झाकून ठेवायची.”

“म्हणजे चाक बारकं, वजन कमी, टायर लवकर संपणारा, थंडीत बिनकामाचा. आणि दाम जास्त.” एसटीत रिमोल्ड टायरवर डोंगर चढवलेल्या माणसाने हे शांतपणे मोजलं. “स्टेपनी तरी त्याच मापाची घेतलीस का?”

“या गाडीला स्टेपनी येत नाही, बाबा. पंक्चर झालं तर भरायला द्रव आणि पंप देतात.”

“का?”

“वजन वाचवायला.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, रेंज गेली. आईने मागून विचारलं, काय म्हणतोय? बाबा म्हणाले, काही नाही, चाकं घेतोय. मग फोन तोंडाशी आणून, कुणी ऐकू नये अशा बेताने:

“जुनी भंगारात देशील तेव्हा नगावर देऊ नको. काट्यावर घाल. जड आहेत म्हणतोस ना?”